ऑर्गनवर पट्टी दाबण्याआधी सोडायला शीक

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. घर बडोद्यात दांडिया बाजारात, पियानोची सातवी ग्रेड झालेली. फतेगंजकडच्या एका चर्चमध्ये वर्षानुवर्षं वाजवणारे काका आता थकले, म्हणून मैत्रिणीच्या ओळखीने तुला विचारणा झाली आहे. वाद्य डिजिटल आहे: हातांसाठी दोन कळफलक, पायांखाली ३० पट्ट्यांचा पेडलबोर्ड. नाताळला चार महिने आहेत. पियानो येतो म्हणजे निम्मं काम झालं ना, पेडल सोडून नुसत्या हातांनी भागेल का, पियानोचा हात बिघडेल का, आणि ख्रिस्ती नसताना हे करावं का, असं तू विचारलंस.

मी बडोद्याचीच. आजोबा नगरहून इकडे आले. मी पियानोवरच वाढले. ऑर्गन शिकले ती नोकरीनिमित्त मुंबईत होते तेव्हा, आणि परतल्यापासून तीसेक वर्षं रविवारच्या उपासनेला वाजवते आहे. तेव्हा तू आज ज्या जागी आहेस, तिथून मी गेले आहे.

नाताळला तू वाजवशील. पण ‘निम्मं काम झालं’ हे खरं नाही. तुझे डोळे तयार आहेत, दोन ओळींचं नोटेशन तू सहज वाचतेस, कानालाही हार्मनी कळते. हातांचं मात्र वेगळं आहे. पियानोवर दहा वर्षं तू ज्या गोष्टीची सगळ्यांत जास्त काळजी घेतलीस, म्हणजे पट्टी किती जोरात आणि कशी दाबायची, तिला ऑर्गनवर काहीच किंमत नाही. हळू दाब, जोरात दाब, आवाज तेवढाच.

असं का, ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. सगळी करामत आपटण्याच्या क्षणात असते. सूर सोडण्याकडे आपण फार लक्ष देत नाही, कारण तो आपोआप विरतो आणि उरलेलं सूर लांबवणारं सस्टेन पेडल झाकून घेतं. ऑर्गनची पट्टी म्हणजे हवेचं दार. उघडलं की सूर पूर्ण आवाजात सुरू, आणि बंद करेपर्यंत तसाच. विरणं नाही, सस्टेन नाही. तुझा ऑर्गन डिजिटल असला तरी हाच स्वभाव त्यात घातलेला असतो. म्हणून सुराचा शेवट इथे सर्वस्वी तुझ्या बोटांवर असतो. पियानोवादक ऑर्गनला बसला की दोन वाक्यांत ओळखू येतो: सूर एकमेकांत चिकटलेले असतात, नाहीतर मध्ये भोकं पडलेली असतात, आणि उजवा पाय हवेत सस्टेन पेडल शोधत असतो.

यावरचा उपाय बहुधा तुझ्या घरातच असेल. दांडिया बाजारातल्या मराठी घरात पेटी नाही असं सहसा होत नाही. ती काढ, भाता चालव आणि उजव्या हाताने सा-रे-ग-म इतकं सावकाश वाजव की एकेक सूर चार मात्रा चालेल. पुढची पट्टी खाली जाते त्याच क्षणी मागची वर आली पाहिजे. उशीर झाला तर दोन सूर एकत्र घोगरतात, घाई झाली तर मध्ये खड्डा पडतो. पियानोवर हे दोन्ही दोष लपतात, पेटी लपवू देत नाही. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पियानोवादकाला पहिले आठ दिवस पेटीवर बसवते. सूर हवेवर चालतो ही गोष्ट भाता ओढणाऱ्या हाताला जितकी लवकर कळते, तितकी समजावून कळत नाही.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की जुन्या माणसांना संगीत नाटक आठवतं. बालगंधर्वांच्या पदांना साथ करायचा तो ऑर्गन पायाने भाता मारून वाजायचा, आणि आवाज यायचा पेटीसारखाच रीडमधून, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातीतून. त्यात पायांचं काम हवेपुरतं. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये हवा यंत्राने येते आणि पाय स्वतः सूर वाजवतात. कुणी ‘पायपेटी येते ना, मग झालं’ असं म्हटलं तर हा फरक लक्षात ठेव.

आता बोटांकडे येऊ. सस्टेन पेडल नसल्यामुळे जोडून वाजवण्याचा सगळा भार बोटांवर येतो, आणि पाच बोटं पुरत नाहीत. म्हणून पट्टी दाबलेली असतानाच बोट बदलायचं: मधल्या बोटाने सूर घेतला, तो चालू असतानाच करंगळी त्याच पट्टीवर आणली आणि मधलं बोट मोकळं केलं. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, तुला मात्र पुढचा सूर गाठायला हात मिळतो. अंगठा काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढरीवर घसरवणं हीदेखील रोजची गोष्ट. सुरुवातीला बोटं एकमेकांत अडकतील. गीताच्या कागदावर बोटांचे आकडे पेन्सिलने लिही आणि ते बदलू नकोस.

जोडून वाजवण्याइतकंच तोडून वाजवणंही शिकायचं आहे. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चाल घे. १५५१ च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली, आजही जगभर म्हटली जाणारी. ती एकाच सुराने दोनदा सुरू होते. पियानोवर तू तो सूर दोनदा वाजवशील आणि पेडल तो जोडून घेईल. ऑर्गनवर पट्टी पुरती वर आलीच नाही तर दुसरा सूर जन्मतच नाही, मंडळीला एकच लांब सूर ऐकू येतो आणि पहिल्याच ओळीत अर्धे लोक एका अक्षराने मागे पडतात. म्हणून वरच्या सुराची पुनरावृत्ती असेल तिथे आधीच्या सुराची शेवटची अर्धी मात्रा मोकळी सोड, अगदी मोजून. त्याच वेळी आतल्या आवाजात, म्हणजे चार आवाजांतल्या मधल्या दोन, अल्टो-टेनरमध्ये, तोच सूर पुन्हा येत असेल तर तो धरून ठेव. वर तुटतं, आत जोडलेलं राहतं. गीत वाजवण्याची निम्मी कला या एका सवयीत आहे असं मी मानते.

पाय. पेडल सोडून भागेल का? भागेल, आणि सुरुवातीला भागवावंच. नुसत्या हातांसाठी लिहिलेलं ऑर्गनचं चांगलं संगीत भरपूर आहे, त्यात कमीपणा नाही. पण कायमचं सोडू नकोस. भरल्या चर्चमध्ये दोनशे माणसं गात असताना त्यांच्या पायाखालची जमीन म्हणजे तो खालचा सूर. तो नसेल तर गाणं तरंगत राहतं.

पहिली अडचण बसण्याची येईल. पियानोवर आपण नकळत डावी टाच जमिनीला टेकवून तोल सांभाळतो. इथे जमीनच नाही, खाली सगळ्या पट्ट्या. तोल मांड्यांवर आणि पाठीवर येतो, पहिला आठवडा कंबर दुखते. बाकाची उंची अशी ठेव की पाय सैल सोडले तर बुटाचा तळ पट्ट्यांना जेमतेम लागेल. गुडघे जवळ, हालचाल घोट्यातून, आणि पट्टी पावलाच्या आतल्या कडेने, अंगठ्याच्या बाजूने. खाली बघायचं नाही. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात, त्यांच्यामधली मोकळी जागा पायाच्या टोकाने चाचपून ओळखायची, अंधारात जिन्याची पायरी ओळखतो तशी.

बूट वेगळे हवेत. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, पट्टीवर अडकतात. अनवाणी पायाला टाच मिळत नाही. पातळ चामडी तळ, निमुळतं टोक आणि सव्वा इंचाची टाच असलेले साधे बूट घे, किंवा जुन्या बुटांना मोच्याकडून चामड्याचा तळ लावून घे. ते रस्त्यावर कधीही घालायचे नाहीत, पिशवीतून न्यायचे आणि बाकाशी बसून चढवायचे, कारण एक खडा पट्ट्यांची लाकडं ओरखडून टाकतो. आणखी एक: साडी नको. मी पहिली दोन वर्षं हट्टाने साडी नेसून वाजवलं. एका लग्नात निऱ्या पट्ट्यांत अडकल्या आणि वधू आत येत असताना एक खर्जाचा सूर नुसता घुमत राहिला. तेव्हापासून चुडीदार.

पायांचं पहिलं गीत म्हणून ‘सायलेंट नाइट’ घे, नाताळला ते लागणारच आहे. साधी हार्मनी धरली तर पायांना तीनच सूर लागतात: षड्ज, मध्यम, पंचम. बी फ्लॅटमध्ये म्हणजे बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ. पट्ट्या बदलायला भरपूर वेळ मिळतो. आधी नुसते पाय, मग पाय आणि डावा हात, मग पाय आणि उजवा, शेवटी सगळं. क्रम बदलू नकोस. पाय आणि डावा हात ही जोडी सगळ्यांत अवघड, कारण पियानोवादकाच्या डाव्या हाताला आयुष्यभर वाटत आलंय की खालचा सूर आपला. पाय एफ वाजवायला गेले की डावी करंगळीही एफ वाजवायला धावते. डाव्या हाताला आता फक्त टेनर वाजवायचा आहे. ती सवय मोडायला मला चार महिने लागले. उपयोग झाला तो असा: उजवा हात वरच्या कळफलकावर, डावा एकटा खालच्या कळफलकावर अगदी वेगळ्या आवाजात. मग टेनर स्वतंत्र गाणं म्हणून कानात शिरतो.

पायांपाशी एक खास पियानोवाला दोष आहे, तो सांगतेच. पेडलबोर्डच्या वर मध्यभागी आवाज लहानमोठा करणारं स्वेल पेडल असतं. तुझा उजवा पाय सस्टेनच्या आठवणीने तिथे जाऊन बसेल आणि सगळे सूर बिचारा डावा पाय एकट्याने वाजवेल. पहिले दोन महिने ते पेडल अर्ध्यावर ठेव आणि विसरून जा.

आता मंडळीबद्दल, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण हे शिकवायला मला कुणी भेटलं नाही. मंडळी म्हणजे उपासनेला जमलेले लोक. त्यांची साथ करायची असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. मुंबईतल्या माझ्या पहिल्याच उपासनेत मी चांगली साथीदार व्हायला गेले: ते जरा मागे पडले की थांबायचे, त्यांचा सूर ऐकू आला की पुढे जायचे. पाच कडव्यांचं गीत होतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत ते अंत्ययात्रेच्या चालीने चाललं होतं आणि पाचवं संपता संपेना. उपासनेनंतर मंडळीतले एक वृद्ध गृहस्थ माझ्यापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही आमच्या मागे होतात आणि आम्ही तुमच्या मागे. मग पुढे कोण होतं?”

मोठ्या सभागृहात तुझा सूर मागच्या रांगेपर्यंत जातो, ते ऐकून गातात, त्यांचा आवाज तुझ्याकडे परत येतो. तो कायम उशिराच येणार. त्याची वाट पाहिलीस की प्रत्येक ओळीला लय उतरते. तबल्याच्या एकलवादनाला पेटीवर लेहरा, म्हणजे तीच एक चाल पुन्हा पुन्हा, धरणारा माणूस आठव. तबलजी कुठेही जावो, लेहरा हलत नाही, म्हणून तर तबलजीला जाता येतं. तुझं काम तेच आहे. मंडळी मागे पडली तर आवाज वाढवू नकोस, सूर थोडे आखूड कर. तुटक सुरांमुळे ठोका स्पष्ट होतो आणि लोक आपोआप सरळ होतात.

लय सांगायची ती गीताच्या आधीच्या तुकड्यात. पहिली किंवा शेवटची ओळ वाजवतेस ना, ती ज्या लयीत, त्याच लयीत गीत. सुंदर वाटावं म्हणून तिचा शेवट लांबवू नकोस, लोकांना कळत नाही कधी सुरू करायचं. आणि कडव्यांच्या मधली शांतता मोजलेली असू दे. शेवटचा सूर ठरल्या मात्रांइतका धरायचा, सगळी बोटं आणि पाय एकाच क्षणी उचलायचे, दोन मात्रा मोकळ्या सोडायच्या आणि पुढचं कडवं. प्रत्येक वेळी तेवढ्याच दोन. ते एकदम उचलणं हीच दोनशे माणसांना ‘श्वास घ्या’ म्हणून दिलेली खूण असते. हात आधी आणि पाय मागून उठले तर खूण पुसट होते. ओळींच्या शेवटीही स्वतः श्वास घेऊन पाहा. तुला जिथे दम लागतो, तिथे त्यांनाही लागतो. शब्द पाठ कर, निदान गीत वाजवताना मनात म्हण. शब्द न म्हणता वाजवणारा ऑर्गनवादक मला दाराबाहेरूनही ओळखता येतो.

तुझ्या चर्चमध्ये मराठी उपासना असेल तर भजनंही येतील. मराठी मंडळ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आजही गातात, आणि ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात विलायती चाली आणि देशी भजनं शेजारी शेजारी नांदतात. भजनाला चार आवाजांची हार्मनी लादू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. मींड, हरकत सगळं त्या कॉर्डखाली चिरडतं. पायाने षड्ज धर, तंबोऱ्यासारखा, वर एकच मऊ फ्लूट, म्हणजे बासरीसारखा आवाज, लाव आणि उजव्या हाताने चाल वाजव. डावा हात मांडीवर राहिला तरी चालेल. टाळ-तबला आहेच. आणि कुणी ‘पांढरी चारमध्ये घ्या’, म्हणजे एफ हा षड्ज धरा, म्हटलं तर डिजिटल ऑर्गनचा ट्रान्सपोझर, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवणारी सोय, खुशाल वापर. पुष्कळ गीतं छापील स्वरात आजच्या गळ्यांना उंच पडतात. ‘ओल्ड हंड्रेड्थ’मध्येच चौथी ओळ सगळ्यांत वरच्या सुरावर सुरू होते, तिथे अर्धं चर्च गप्प होतं. एक स्वर खाली घे.

स्टॉप म्हणजे कुठला आवाज हवा ते निवडायची बटणं. त्यांवरचे आकडे बघून घाबरू नकोस. ८ फूट म्हणजे पियानोवर जो सूर येतो तोच. सगळ्यांत खालच्या सी सुराच्या उघड्या पाइपची लांबी साधारण ८ फूट असते म्हणून हे नाव. १६ फूट म्हणजे एक सप्तक खाली, ४ फूट एक सप्तक वर, २ फूट दोन सप्तकं वर. पेटीतल्या खर्ज-नर-मादी रीडांचंच हे मोठं कुटुंब. गीतासाठी हातांना ८ आणि ४ फुटी प्रिन्सिपल, म्हणजे ऑर्गनचा मूळ भरीव आवाज, कुठे त्याला डायपेसन म्हणतात. शेवटच्या कडव्याला २ फुटी मिळव. पायांना १६ आणि ८ दोन्ही हवेत, नुसता १६ असला की तो घुमतो, पण कुठला सूर ते कळत नाही. थरथर आणणारा ट्रेम्युलंट गीताला कधीही नाही. आणि बाकावर जे ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवू नकोस. मैत्रिणीला मागच्या बाकावर बसव आणि विचार.

डिजिटल वाद्य आहे म्हणून हिरमुसू नकोस. खऱ्या पाइपांना आपला उन्हाळा मानवत नाही. हवा तापली की पाइपचा सूर चढतो: १५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं तर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त. रीडचे पाइप त्या प्रमाणात चढत नाहीत, त्यामुळे वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. तुझा ऑर्गन मे महिन्यातही सुरात राहील. पण एकदा मुंबईला जाऊन फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा पाइप ऑर्गन ऐकून ये. हवा सुरू होताना पाइपच्या तोंडाशी जो बारीकसा ‘थ्’ होतो, तो कानात राहिला की तुझ्या वाद्यावरही तू वेगळं वाजवशील.

पियानोचा हात बिघडत नाही, उलट बोटं स्वतंत्र होतात. फक्त लहानमोठा आवाज काढण्याची सवय सुस्तावते, म्हणून रोज वीस मिनिटं पियानो सोडू नकोस. ख्रिस्ती असण्याबद्दल विचारशील तर पाळकांशी मोकळेपणी बोल. त्यांनीच विचारणा केली आहे, त्यांना माहीत आहे. उपासनेचा क्रम त्यांच्याकडून लिहून घे: प्रार्थनेत वाजवायचं नाही, दानाच्या वेळी काय, आशीर्वादानंतर किती वेळाने सुरू करायचं. आणि हे वाद्य काही चर्चमध्ये जन्मलेलं नाही. इसवी सनाआधी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबावर चालणारा पहिला ऑर्गन केला, तेव्हा चर्च नव्हतंच. जी शांतपणे बसून लोकांना गायला मदत करते, तिला मंडळी आपलं मानते, हे मी पाहिलं आहे.

चार महिने असे काढ. सप्टेंबरभर पाय नाहीत, फक्त हात, पेटी आणि ऑर्गन. ऑक्टोबरमध्ये नुसते पाय रोज वीस मिनिटं, आणि ‘सायलेंट नाइट’. चर्चची चावी ज्यांच्याकडे असते त्यांच्याशी आजच वेळ ठरव, पेडलबोर्ड घरी नसल्यामुळे आठवड्यातून तीन फेऱ्या तरी व्हायला हव्यात. नोव्हेंबरमध्ये पेडलसकट तीनच गीतं तयार कर, बाकी सगळी नुसत्या हातांनी. डिसेंबरमध्ये नवीन काही घेऊ नकोस.

२४ डिसेंबरच्या रात्री एक गोष्ट तुला चकवेल. रिकाम्या चर्चमध्ये तालमीला जो आवाज भरभक्कम वाटला होता, तो माणसांनी, शालींनी, स्वेटरांनी भरलेल्या चर्चमध्ये पातळ वाटतो, कारण कपडे आवाज पितात. त्या रात्री वर्षातून एकदाच येणारे लोकही असतात, ते जास्त मागे पडतात. म्हणून प्रत्येक गीताचे स्टॉप दोन प्रकारे लिहून ठेव, रिकाम्या चर्चसाठी आणि भरलेल्या चर्चसाठी, आणि तो कागद स्टँडच्या डाव्या कोपऱ्याला चिकटव. उजवीकडे लावलास तर पान उलटताना तो उडतो.